नोंद चुकली, पदक राहिलं: माजी सैनिकांचे वारंवार येणारे प्रश्न

खालचे प्रश्न माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांची मुलं पुन्हा पुन्हा पाठवतात. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवलेत. उत्तरं मुख्यतः भूदलातल्या जवान आणि जेसीओंना (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) धरून आहेत. नौदल किंवा हवाई दलात वेगळं काही असेल तर तिथेच सांगितलंय. एकाच गोष्टीची दोनदा उजळणी नको म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिलेत.

१. माझ्याकडे फक्त डिस्चार्ज बुक आहे. तीच माझी सेवेची नोंद ना?

नाही. डिस्चार्ज बुक म्हणजे घरी येताना तुमच्या हाती दिलेला उतारा. मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसात असते: शीट रोल म्हणजे सेवेचा मुख्य तक्ता, पार्ट टू ऑर्डर्स (प्रश्न ४), मेडिकल बोर्डाचे कागद, बदल्यांचा तपशील. पुस्तकात पदकाचं नाव नाही म्हणजे मूळ नोंदीतही नाही, असं समजू नका. उतारा करताना एखादी ओळ राहून गेल्याचं पुष्कळदा आढळतं. उलटही होतं: पुस्तकात पदक लिहिलेलं असतं आणि मूळ कागदात त्याचा पत्ता नसतो.

एक मात्र करू नका. ओळखीच्या बाबूकडून पुस्तकात पेनने ओळ वाढवून वर शिक्का मारून घेऊ नका. ती खाडाखोड ठरते, आणि पुढे खरा दावासुद्धा संशयाने पाहिला जातो.

२. माझं रेकॉर्ड ऑफिस कुठलं?

भरती ज्या रेजिमेंटमध्ये किंवा कोअरमध्ये झाली, तिचं. मराठा लाइट इन्फन्ट्री बेळगाव, महार रेजिमेंट सागर, तोफखाना नाशिक रोड कॅम्प, बॉम्बे सॅपर्स खडकी, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री अहिल्यानगर, गार्ड्स कामठी, सिग्नल्स जबलपूर, ईएमई (यंत्रदुरुस्तीची कोअर) आणि ऑर्डनन्स सिकंदराबाद. नौसैनिकांचं ब्यूरो ऑफ सेलर्स मानखुर्दला, हवाई सैनिकांचं रेकॉर्ड ऑफिस दिल्लीत सुब्रतो पार्कला.

राष्ट्रीय रायफल्समध्ये काढलेल्या दोन-तीन वर्षांबद्दल नेहमी गोंधळ होतो. आरआरचं वेगळं रेकॉर्ड ऑफिस शोधत बसू नका. तुम्ही मूळ पलटणीतून तिकडे गेलात, नोंद मूळ रेजिमेंटकडेच राहते. पण जखम किंवा चकमक आरआरमध्ये झाली असेल तर अर्जात आरआर बटालियनचा नंबर आणि कंपनी लिहाच, नाहीतर तुमचा कागद चुकीच्या गठ्ठ्यात शोधला जातो.

३. स्वतःचे कागद कसे मागवायचे? साधा अर्ज की माहिती अधिकार?

आधी साधा अर्ज रजिस्टर पोस्टाने. महिना-दीड महिना काहीच हालचाल नसेल तर माहिती अधिकार. फी १० रुपये, अर्ज ऑनलाइनही करता येतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

'माझी संपूर्ण फाइल द्या' असं लिहिलंत तर उत्तरही तितकंच मोघम येतं. कागद नावानिशी मागा: शीट रोलची प्रत, अमुक वर्षाच्या अमुक महिन्यांतल्या माझ्याबाबतच्या पार्ट टू ऑर्डर्स, जखमेचा अहवाल म्हणजे आयएएफवाय-२००६, रिलीज मेडिकल बोर्ड म्हणजे एएफएमएसएफ-१६, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असल्यास तिचा निष्कर्ष. स्वतःबद्दलची माहिती 'वैयक्तिक माहिती' म्हणून स्वतःलाच नाकारता येत नाही. सुरक्षेचं कारण देऊन मोहिमेचे तपशील झाकले जाऊ शकतात. मग तुमच्या नावापुरता उतारा मागा.

४. जो तो 'पार्ट टू निघाली का' एवढंच विचारतो. ही काय भानगड आहे?

फौजेत तुमच्या आयुष्यात जे जे घडतं, म्हणजे बदली, बढती, लग्न, मूल, इस्पितळात भरती, जखम, पदक, ते ते युनिट 'डेली ऑर्डर पार्ट टू'मध्ये छापतं आणि रेकॉर्ड ऑफिसला पाठवतं. तिथे ते तुमच्या कागदावर चढतं. पार्ट टू निघाली नाही तर सरकारदरबारी ती गोष्ट घडलीच नाही. लग्न सगळ्या गावाने पाहिलेलं असो, नाहीतर गोळी सगळ्या प्लाटूनने.

म्हणून दुरुस्तीचा जवळपास प्रत्येक अर्ज एकाच मागणीवर येऊन थांबतो: चुकलेली पार्ट टू दुरुस्त करा, किंवा राहिलेली आता काढा.

५. नाव, जन्मतारीख, बायकोचं नाव चुकलंय. हेही याच मार्गाने का?

नाव आणि बायकोचं नाव, हो. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, विवाहाचा दाखला, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, आधार. ऑफिसने मागितलं तर राजपत्र किंवा वर्तमानपत्रातली जाहिरात. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि घरातलं हाक मारायचं नाव यांची गल्लत आपल्याकडे सर्रास आहे. ती तुम्ही हयात असतानाच निस्तरा, फॅमिली पेन्शनच्या वेळी एकट्या बाईला त्यासाठी हेलपाटे पडतात. पीपीओवरची, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरची दुरुस्ती त्यानंतर स्पर्श या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत उमटते, आधी नाही.

जन्मतारखेची आशा धरू नका. सेवा संपताना किंवा संपल्यावर ती बदलून मागणाऱ्यांना न्यायालयं उभं करत नाहीत.

६. मी १९७१ ला (किंवा कारगिलला, श्रीलंकेत, सियाचीनला) होतो, पण त्याचं पदक मिळालंच नाही. आता मिळेल?

मिळण्याची शक्यता चांगली आहे. ही मोहिमेची पदकं. त्यांना कुणाची शिफारस लागत नाही, अटी पूर्ण झाल्या की ती देय होतात. १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. कारगिलसाठी ऑप विजय स्टार आणि ऑप विजय मेडल. श्रीलंकेतल्या शांतिसेनेसाठी आणि काश्मीरच्या दहशतवादविरोधी कामासाठी स्पेशल सर्व्हिस मेडल, वेगवेगळ्या क्लास्पसह (फितीवरची मोहिमेच्या नावाची पट्टी). शिवाय सियाचीन ग्लेशियर मेडल.

सिद्ध एवढंच करायचं, की त्या तारखांना तुमचं युनिट त्या भागात होतं आणि तुम्ही युनिटबरोबर होता. यातला दुसरा भाग अडतो. युनिट द्रासला होतं, पण तुम्ही त्या काळात रजेवर, कोर्सवर किंवा रिअर पार्टीत (मागे ठेवलेल्या तुकडीत) होता असं नोंदीत दिसलं तर दावा लटकतो. सुटीची आणि मूव्हची पार्ट टू आधी तपासा. बरीच पदकं किमान मुक्कामाच्या अटीवर असतात, पण जखमी होऊन मागे पाठवलेल्यांना ती अट सहसा शिथिल असते. म्हणून ज्याचा दावा जखमेशी जोडलेला आहे त्याने प्रश्न ७ आधी वाचावा.

७. मला चकमकीत लागलं, पण कागदावर 'अपघात' लिहिलंय. आता काय?

सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

फौज जखमींचे दोन गट करते: बॅटल कॅज्युअल्टी (लढाईमुळे) आणि फिजिकल कॅज्युअल्टी (इतर कारणाने). कोण कशात बसतो हे आर्मी ऑर्डर १/२००३ मध्ये आहे. पहिला निर्णय युनिटमध्ये होतो, तोही घाईत. समजा रात्री गस्तीवर फायर आला. तुम्ही आडोशासाठी नाल्यात उडी घेतली आणि पाय मोडला. सकाळी अहवाल लिहिला जातो: 'गस्तीवर असताना घसरून पडला, उजवा पाय फ्रॅक्चर.' एकही शब्द खोटा नाही. फक्त फायर आला होता, हे राहून गेलं. तेवढ्यावर तुम्ही फिजिकल कॅज्युअल्टी झालात आणि पुढचे सगळे कागद तेच वाक्य उतरवून घेत गेले.

हे उलटवायचं तर पहिल्या २४ तासांतले कागद गाठा, नंतरचे नव्हे. युनिटने पाठवलेला कॅज्युअल्टी सिग्नल. आरएमओने, म्हणजे युनिटच्या डॉक्टरने भरलेला जखमेचा अहवाल. फील्ड हॉस्पिटलच्या भरतीची नोंद आणि केस शीट. डॉक्टर जखम बघून लिहितो, त्यामुळे युनिटने 'पडला' लिहिलं असलं तरी केस शीटवर 'जीएसडब्ल्यू' किंवा 'स्प्लिंटर इंज्युरी' सापडते. 'जीएसडब्ल्यू' म्हणजे बंदुकीच्या गोळीची जखम. एवढा एक शब्द दहा प्रतिज्ञापत्रांना भारी पडतो. शरीरात अजून धातूचा तुकडा असेल तर ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आजचा एक्स-रे काढा आणि रेडिओलॉजिस्टकडून तुकड्याची जागा लिहून घ्या. पन्नास वर्षांनंतरही तो पुरावा जागचा हललेला नसतो.

त्याच चकमकीत दुसरं कोणी जखमी किंवा शहीद झालं असेल आणि ते बॅटल कॅज्युअल्टी म्हणून नोंदलं गेलं असेल, तर तारीख, ठिकाण, ऑपरेशनचं नाव जुळवून दाखवा. एकाच रात्री एकाच नाल्यात दोन जण दोन वेगळ्या कारणांनी जखमी कसे, याचं उत्तर मग त्यांना द्यावं लागतं.

अर्ज रेकॉर्ड ऑफिसकडेच करायचा. वर्गीकरण बदलण्याचा निर्णय लष्कर मुख्यालयात होतो आणि तिथवर कागद रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातो. मागणी एकच ठेवा: फिजिकल कॅज्युअल्टीची बॅटल कॅज्युअल्टी करणे. त्यातच पदक, पेन्शन, थकबाकी सगळं कोंबलंत तर फाइल चार टेबलांवर फिरते आणि प्रत्येक टेबल दुसऱ्याकडे बोट दाखवतं.

८. बॅटल कॅज्युअल्टी झालो म्हणजे वूंड मेडल आपोआप मिळतं का?

नाही, आणि इथे भलेभले चकतात. वूंड मेडल म्हणजे पराक्रम पदक १९७३ पासून आहे, आणि त्याची अट 'शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत झालेली जखम' अशी आहे. बॅटल कॅज्युअल्टीची व्याख्या याहून मोठी. आपणच पेरलेल्या सुरुंगक्षेत्रात नियंत्रण रेषेजवळ पाय गेला, तर पेन्शनच्या दृष्टीने ती युद्धजखम ठरू शकते. वूंड मेडलसाठी शत्रूचा हात दाखवावा लागेल. वर सांगितलेल्या नाल्यातल्या पायाचंही तसंच. गोळी किंवा स्प्लिंटर लागलेल्यांनी मात्र वर्गीकरण झाल्याबरोबर वूंड मेडलचा वेगळा अर्ज टाकावा, थांबायचं कारण नाही.

९. एवढी यातायात करून पैशात काय फरक पडतो?

पुष्कळ. ३१ जानेवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्राने अपंगत्वाची अ ते ई अशी वर्गवारी केली. लढाईतल्या जखमांच्या ई गटात आलात की पेन्शनमध्ये साध्या डिसॅबिलिटी एलिमेंटऐवजी (अपंगत्वाचा भाग) वॉर इंज्युरी एलिमेंट (युद्धजखमेचा भाग) मिळतो. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्याला शंभर टक्के अपंगत्वावर साधा दर वेतनाच्या ३० टक्के आहे, युद्धजखमेचा ६० टक्के. जखमेमुळेच सेवेतून बाहेर काढलं असेल तर शंभर टक्क्यांना पूर्ण वेतनाइतका. अपंगत्व कमी तर रक्कम त्या प्रमाणात, पण राउंडिंगचा लाभ धरा: ५० च्या खालचं ५० मानलं जातं, ५० ते ७५ चं ७५, त्यावरचं १००. जवान गेला असेल तर बॅटल कॅज्युअल्टीमुळे पत्नीला साध्याऐवजी लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या वेतनाइतकी.

म्हणूनच 'मला पदक हवं, पैशाचं काही नाही' असं म्हणणाऱ्यांनाही आम्ही वर्गीकरणाचा अर्ज आधी करायला सांगतो. पदकाचा दावाही त्याच नोंदीवर उभा राहतो.

१०. सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांनी वीर चक्रासाठी माझं नाव पाठवलं होतं. ते आता मागता येईल का?

स्पष्ट सांगायचं तर जवळपास नाही. शौर्यपदक हा हक्क नाही. शिफारस युनिटमधून निघते, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशी चढत दिल्लीला जाते, तिथे समितीपुढे येते आणि शेवटी राष्ट्रपतींच्या मंजुरीने २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला जाहीर होते. वाटेत कुठल्याही पायरीवर ती खाली आणली जाऊ शकते: महावीर चक्राचं वीर चक्र, वीर चक्राचं सेना मेडल, सेना मेडलचं मेन्शन इन डिस्पॅचेस, किंवा काहीच नाही. कोणतं शौर्य कोणत्या पदकाच्या तोलाचं, हे ठरवायला न्यायालयं बसत नाहीत. 'माझ्याबरोबरच्या दोघांना मिळालं, मला नाही' यावरही त्यांचं उत्तर तेच.

मग दार पूर्ण बंद का? प्रक्रियेत घोळ झाला असेल तर फट राहते. शिफारस खरोखर लिहिली गेली होती आणि पुढे पाठवलीच नाही. किंवा दुसऱ्याच नावावर गेली. किंवा ज्या अहवालाच्या आधारे नाकारली तो अहवालच चुकीचा होता. कारगिलमध्ये बटालिकला ७० इन्फन्ट्री ब्रिगेडचं नेतृत्व केलेल्या ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्या प्रकरणात सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने २०१० मध्ये युद्धाच्या नोंदीत दुरुस्ती करायला सांगितलं होतं. आदेशाचा रोख नोंदीवर होता, हे ध्यानात घ्या. तुमच्या अर्जाचाही तसाच असू द्या. 'मला वीर चक्र द्या' हे वाक्य लिहिलंत की उत्तर ठरलेलं. 'अमुक तारखेच्या कारवाईच्या अहवालात माझं नाव आणि काम नोंदवलेलं नाही, हे पुरावे, नोंद दुरुस्त करावी' असं लिहिलंत तर निदान वाचावं लागतं.

तोंडी 'नाव पाठवलंय' याला काडीचीही किंमत नाही. तेव्हाचे सीओ किंवा कंपनी कमांडर हयात असतील तर त्यांचं सहीचं पत्र मिळवा, आणि त्यात त्यांनी 'मी शिफारस लिहिली' असं म्हणावं, 'जवान शूर होता' एवढंच नव्हे.

११. माझ्या नोंदीत नुसतं 'सेना मेडल' आहे. शौर्याचं की सेवेचं ते लिहिलेलं नाही. फरक पडतो?

पडतो. सेना मेडल दोन कारणांनी मिळतं, शौर्यासाठी आणि उल्लेखनीय सेवेसाठी, आणि मासिक भत्ता फक्त शौर्यालाच आहे. १ ऑगस्ट २०१७ पासूनचे केंद्राचे दर: परमवीर चक्र २०,०००, अशोक चक्र १२,०००, महावीर चक्र १०,०००, कीर्ती चक्र ९,०००, वीर चक्र ७,०००, शौर्य चक्र ६,००० आणि शौर्याचं सेना मेडल २,००० रुपये. राज्य सरकार देतं ते याहून वेगळं. त्याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा.

तुमचं कोणतं, हे भारताच्या राजपत्रातल्या अधिसूचनेवरून कळतं. तारीख माहीत असेल तर राजपत्र मिळवून ते पान अर्जाला जोडा. प्रशस्तिपत्रात कारवाईचं वर्णन असेल तर वाद उरत नाही.

१२. रेकॉर्ड ऑफिस म्हणतं, तुमचे कागद नियमाप्रमाणे नष्ट केले. संपलं का सगळं?

ज्यांना पेन्शन नाही त्यांचे सेवाकागद २५ वर्षांनी नष्ट करण्याची तरतूद आर्मीच्या १९८७ च्या रेग्युलेशन्समध्ये, परिच्छेद ५९५ मध्ये आहे. त्यामुळे उत्तर खोटं असेलच असं नाही. पण तीन गोष्टी तरी तपासा.

तुम्हाला कोणतीही पेन्शन आहे का? असेल, डिसॅबिलिटीची का होईना, तर हा नियम तुम्हाला कसा लावला हे लेखी विचारा. दुसरं, लाँग रोल. कागद गेले तरी नाव, नंबर, भरती-डिस्चार्जच्या तारखा आणि अनेकदा पदकांची ओळ असलेली ही नोंदवही ठेवली जाते. तिचा उतारा नावानिशी मागा. तिसरं, युनिटची वॉर डायरी. ती तुमच्या वैयक्तिक फाइलीचा भाग नाही, त्यामुळे फाइलीबरोबर नष्टही होत नाही. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण आणलं, त्यानुसार वॉर डायऱ्या मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे जातात, साधारणपणे २५ वर्षांनी खुल्या व्हायच्या आहेत आणि तपासणी होऊन राष्ट्रीय अभिलेखागारात जायच्या आहेत. १९६५ किंवा १९७१ च्या दाव्यासाठी हा मार्ग फार थोडे लोक वापरतात, याचं आश्चर्य वाटतं. डायरीत जवानाचं नाव क्वचित असतं, पण 'दोन ओआर (जवान) जखमी' अशी तारखेसह ओळ असते. त्या तारखेला इस्पितळात भरती झालेले तुम्ही, हे जुळवून दाखवायचं.

१३. साक्षीदार म्हणून जुने सोबती चालतात का?

चालतात, पण एकटे पुरत नाहीत. साक्षीदार त्या दिवशी तिथे होता हे त्याच्या स्वतःच्या डिस्चार्ज बुकावरून दिसायला हवं, प्रत जोडा. प्रतिज्ञापत्रं एकाच टायपिस्टकडून शब्दशः सारखी काढून घेऊ नका. तिघांनी तीन वर्षांनी 'पहाटे ठीक चार वाजता' असं एकाच वाक्यात सांगितलं की वाचणाऱ्याची भुवई वर जाते. प्रत्येकाने आपण कुठे होतो, काय पाहिलं, कुणी उचलून मागे नेलं, एवढंच सांगावं. स्ट्रेचर धरणारा आणि नर्सिंग असिस्टंट यांची साक्ष सगळ्यात वजनदार.

१४. अर्जात नेमकं काय लिहू? नमुना द्या ना.

पहिल्या परिच्छेदात आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, भरती आणि डिस्चार्जची तारीख. दुसऱ्यात चूक, तिसऱ्यात पुरावा, चौथ्यात मागणी. गाभा असा काहीसा:

'माझ्या जखमेच्या अहवालात कारण घसरून पडणे असे नमूद आहे. फील्ड हॉस्पिटलच्या केस शीटमध्ये (जोडपत्र २) डाव्या मांडीत स्प्लिंटर असल्याची त्याच दिवशीची नोंद आहे. त्याच कारवाईतील दुसऱ्या जवानास बॅटल कॅज्युअल्टी मानले आहे (जोडपत्र ३). तरी माझे वर्गीकरण दुरुस्त करून तशी पार्ट टू ऑर्डर काढावी आणि झालेला निर्णय कारणांसह कळवावा.'

शेवटचे शब्द, 'कारणांसह कळवावा', विसरू नका. नकार आला तरी पुढे न्यायाधिकरणात त्याच कारणांवर बोट ठेवता येतं. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत पाठवा. मराठी अर्ज बेळगावात वाचतीलही, सिकंदराबादला नाही. पराक्रमाची सहा पानी कहाणी लिहायचा मोह आवरा, ती हवी तर जोडपत्रात द्या.

१५. उत्तरच येत नाही, किंवा नकार आला. पुढे कुठे जायचं?

सशस्त्र सेना न्यायाधिकरण, म्हणजे एएफटी. २००७ च्या कायद्याने स्थापन झालं, ऑगस्ट २००९ मध्ये कामाला लागलं. मुख्य पीठ दिल्लीत, प्रादेशिक पीठांपैकी एक मुंबईत. निवृत्त सैनिक आपण राहतो त्या भागाच्या पीठाकडे जाऊ शकतो, त्यामुळे रेकॉर्ड ऑफिस जबलपूरला असलं तरी खेटे तिकडे घालायची गरज नाही. वकील चांगला, पण सक्तीचा नाही.

आधी अर्ज-विनंतीचा मार्ग संपवलेला असावा लागतो. अंतिम नकार मिळाला तर त्या तारखेपासून सहा महिने. उत्तरच नसेल तर अर्जापासून सहा महिने वाट पाहायची आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत दाखल करायचं. म्हणून पोस्टाची पावती जपा. तुमची मुदत तिच्यावरच्या तारखेपासून मोजली जाते.

एएफटीने फेटाळलं तर सर्वोच्च न्यायालय फक्त सार्वजनिक महत्त्वाच्या कायदेशीर मुद्द्यावरच. उच्च न्यायालयात रिट करता येते का यावर बरीच वर्षं वाद होता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग बंद नसल्याचं स्पष्ट केलं.

१६. माझ्या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. उशिरामुळे फेकून देतील का?

काय मागता यावर आहे. पेन्शन दरमहा कमी मिळत असेल तर तो चालू राहिलेला अन्याय मानला जातो. २००८ च्या तरसेम सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, पण थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरती. म्हणजे उशीर दावा मारत नाही, मागचा पैसा मारतो. मोहिमेच्या पदकात उशिराचं फारसं ओझं होत नाही, नोंद असली की झालं.

शौर्यपदकाला हा आधार नाही. ते एकदाच घडतं किंवा घडत नाही. तिथे चाळीस वर्षांचा विलंब बहुधा पहिल्याच तारखेला आडवा येतो. विलंब माफीचा अर्ज द्या, त्यात खरं कारण लिहा. 'अडाणी असल्याने' हे एकच कारण सगळ्यांनी वापरून पार गुळगुळीत झालंय. कागद केव्हा हाती आले, माहिती अधिकाराचं उत्तर कधी मिळालं, अशा तारखा द्या.

१७. वडील वारले. मी मुलगा, अर्ज करू शकतो का?

करू शकता. एएफटीचा कायदा वारसांनाही लागू आहे. मात्र आई हयात असेल तर पहिला अर्ज तिच्या नावाने जाऊ द्या. पेन्शनचा हक्क तिचा आहे, आणि पदक आधी तिच्याकडे यावं हेही रास्त. अंगठा असला तरी चालतो, साक्षांकित हवा. वारस दाखला, मृत्यू दाखला आणि वडिलांच्या नोंदीत तुमचं नाव असल्याचा पुरावा जोडा. नोंदीत मुलांची नावंच नसतील तर आधी प्रश्न ५.

शौर्यभत्ता विधवेला पुढे चालू राहतो. पूर्वी पुनर्विवाहावरून जी अट होती ती २०१७ मध्ये काढली गेली. जुन्या अटीमुळे ज्यांचा भत्ता बंद झाला त्यांनी पुन्हा अर्ज करून पाहावा.

१८. मी बीएसएफमध्ये (सीआरपीएफमध्ये) होतो. हे सगळं मलाही लागू का?

थोडंच. एएफटी तुमच्यासाठी नाही, तुम्हाला उच्च न्यायालय. माहिती अधिकारही तोकडा: बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी, आसाम रायफल्स या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्याने भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप सोडता माहिती द्यायला बांधील नाहीत. त्यामुळे खात्याला थेट अर्ज, मग रिट. पुरावे गोळा करण्याबद्दल प्रश्न ७ आणि १३ मधलं सगळं तुम्हालाही उपयोगी आहे.

१९. पदक होतं, पण हरवलं. मुंबईला विकत मिळतं म्हणे, तेच लावू का?

परेडला लावायची नक्कल बाजारात मिळते आणि पुष्कळ जण लावतात. पण ती मूळ पदक नव्हे आणि पुरावाही नव्हे. पोलिसांत हरवल्याची नोंद करून रेकॉर्ड ऑफिसकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करा, किंमत भरावी लागते. नोंदीत नसलेलं पदक विकत घेऊन छातीवर लावणं मात्र नको. खऱ्या मागणीसाठी अर्ज केलेला असताना असा फोटो समोर आला तर तुमचंच म्हणणं लंगडं होतं.

२०. एक जण पंचवीस हजार मागतोय, पदक मिळवून देतो म्हणाला. देऊ का?

नका देऊ. त्याच्या हातात काहीच नाही. कागद भरून द्यायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय फुकट मदत करतं, स्पर्शच्या कामाला सेवा केंद्रं आहेत, आणि रेजिमेंटच्या सेंटरमध्ये माजी सैनिकांसाठी कक्ष असतो. वकिलाची फी वेगळी गोष्ट, ती पावतीने द्या. मूळ डिस्चार्ज बुक आणि मूळ प्रशस्तिपत्र कुणाच्याही हवाली करू नका, वकिलाच्याही नाही. झेरॉक्स साक्षांकित करून द्या.